वेगळे ठेवलेले रक्त

ज्यांच्या हाती अमृताचा कलश आहे त्या भगवान धन्वंतरींना आणि आमच्या ग्रामदेवतेस प्रथम वंदन. आज धन्वंतरीपूजन. सकाळी पूजा आटोपली, धणे-गुळाचा नैवेद्य दाखवला आणि तिथेच पाटावर बसून लिहावयास घेतले. गेल्या पावसाळ्यात माझ्या देहावर आणि माझ्या घरावर जे गुदरले ते लिहून ठेव, दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल, असे सूनबाई कितीतरी दिवस म्हणत होत्या. आजचा दिवस त्यास योग्य वाटला. देवापुढे बसून लिहीत असल्याने खोटे लिहिणार नाही. गोडही लिहिणार नाही. ज्यांना आजारपणाच्या कथेत शेवटी सर्वांचे आभार वाचावयाची सवय आहे त्यांनी इथेच थांबावे.

मी महाडच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. निवृत्तीनंतर पोलादपूरच्या वर, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावी येऊन राहिलो. घरात मी, मुलगा अनिरुद्ध आणि सून सुलभा. पत्नी काही वर्षांपूर्वी निवर्तली. अनिरुद्ध बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. घरात मला अण्णा म्हणतात आणि गावात गुरुजी. देहाची तक्रार म्हणावी तर थोडासा रक्तदाब आणि त्यावरची एक गोळी. पहाटेचे स्नान, संध्या, पूजा, देवळापर्यंत चालत जाणे यात कधी खंड पडला नव्हता.

निदानाचा दिवस

रक्तदाबाची गोळी देणाऱ्या महाडच्या डॉक्टरांनी सांगितले म्हणून रक्त तपासावयाचे होते. पोलादपुरात रक्त गोळा करण्याचे केंद्र आहे. तपासणी तिथे होत नाही, तिथून दुपारच्या गाडीने सर्वांचे रक्त महाडच्या प्रयोगशाळेत जाते. केंद्रावर रक्त घेणारा रमाकांत हा माझा जुना विद्यार्थी. आता त्याचेही केस पिकू लागले आहेत. मी केंद्रावर येतो म्हणताच त्याने दोन्ही कानांना हात लावले.

"गुरुजी, तुम्ही त्या बाकावर येऊन बसायचं? मग मी कशाला आहे? मी पहाटे घरी येतो. तुमची आंघोळ झाली की पूजेआधी रक्त घेतो, म्हणजे तुमचं काही मोडायला नको."

तो आला. पाया पडला, हलक्या हाताने रक्त घेतले आणि बरोबर आणलेल्या चकचकीत थर्मासात ती कुपी ठेवली. सुलभाकडून फ्रीजमधला बर्फ मागून घेतला आणि थर्मास तोंडापर्यंत भरला. "गुरुजींचं रक्त उन्हातान्हात खराब व्हायला नको, वहिनी," असे म्हणून तो गेला. मला त्याचे कौतुक वाटले. आज ते कौतुक आठवले की जिभेवर कडू चव येते.

त्याच दिवशी दिवेलागणीला मी तुळशीपाशी दिवा लावत होतो. अनिरुद्ध कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच फाटक ढकलून धावत आला.

"अण्णा, हलू नका! आहात तिथेच बसा!"

"अरे, दिवा तरी..."

"दिवा राहू द्या! डॉक्टरांचा फोन आलाय. तुमचं हृदय कधीही बंद पडेल!"

मनुष्य मरावयास टेकला आहे ही वार्ता त्याला स्वतःला सर्वांच्या शेवटी कळते, हे मी त्या संध्याकाळी शिकलो. मला उचलून जीपमध्ये घातले. चालता येत असताना उचलून नेले जाणे यात एक विलक्षण अपमान आहे. शेजारचे धोंडूशेट अंगणात उभे राहून हात जोडत होते, जणू मला निरोप देत होते.

महाडच्या रुग्णालयात त्याच डॉक्टरांनी सांगितले की रक्तातील पोटॅशियम नावाचा क्षार भयंकर वाढला आहे, मूत्रपिंडे तो बाहेर टाकत नाहीत आणि अशा स्थितीत माणूस बोलता बोलता जातो. छातीला चिमटे लावून हृदयाचा आलेख काढला. तो निर्दोष होता.

"मग आलेख चांगला कसा?" मी विचारले.

"आत्ता चांगला आहे, आजोबा. पुढच्या मिनिटाची हमी मी देऊ शकत नाही."

 

रुग्णालय

तिथल्या दिवसाला स्वतःचे असे काही नसते. पहाटे फिनाइलच्या वासाने जाग येते. कोणी ताप पाहते, कोणी रक्तदाब पाहते, आणि कोणीही नाव विचारत नाही, खाटेचा आकडा विचारते. समोरच्या भिंतीवरील दूरदर्शन संचावर एक कुटुंब दिवसभर भांडत असे. माझी संध्या मी उशीला टेकून, ओठांतल्या ओठांत, त्या भांडणाच्या पार्श्वभूमीवर केली. एका परिचारिकेने मात्र टोचण्यापूर्वी म्हटले, "बाबा, तुमचं ते पुटपुटणं चालू द्या, मी तेवढ्यात हळूच घेते." त्या एका वाक्यासाठी मी तिला रोज आशीर्वाद देतो. तिचे नावही मला ठाऊक नाही.

सलाइन, इंजेक्शने, वाफ हे सारे झाल्यावर दुसऱ्या सकाळी रक्त घेतले. प्रयोगशाळा रस्त्याच्या पलीकडेच होती. क्षार अगदी योग्य निघाला. डॉक्टर प्रसन्न झाले. "पाहिलंत? उतरलं." मला घरी पाठवले, आणि बरोबर एक पूड दिली. पाण्यात कालवून घ्यावयाची ती पूड ओल्या मातीसारखी लागे आणि पोटातील क्षार शोषून घेई. शिवाय लघवी अधिक होण्याची गोळी. आणि मनाईची यादी.

केळे नाही, शहाळे नाही, नारळ नाही, रताळे नाही, डाळ नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणे नाहीत. भाजी दोनदा उकडून पाणी ओतून द्यावयाचे. एकादशीला काय खावे असे विचारले तर डॉक्टर म्हणाले, "एकादशीच नको." कोकणातल्या स्वयंपाकघरातून नारळ काढला की काय उरते, हे ज्याने तशी आमटी जेवली आहे त्यालाच कळेल. मी तक्रार केली नाही. देह देवाचा आहे, त्याने ठरवावे.

आरोप

आठवड्याने रमाकांत पुन्हा पहाटे आला. पुन्हा थर्मास, पुन्हा बर्फ. संध्याकाळी पुन्हा फोन. क्षार पहिल्याइतकाच वाढलेला. पुन्हा जीप, पुन्हा महाड, पुन्हा सुया. दुसऱ्या सकाळी तिथे घेतलेले रक्त पुन्हा निर्दोष.

या वेळी डॉक्टरांनी खुर्ची ओढून जवळ घेतली आणि लहान मुलाशी बोलावे तसे बोलले.

"आजोबा, इथे असलात की नॉर्मल. घरी गेलात की वर. मी काय समजायचं?"

"मी पथ्य पाळतो आहे."

"खरं सांगा. प्रसादाचं केळं? तीर्थ? थोडंसं खोबरं?"

"नाही."

"रिपोर्ट खोटं बोलत नाही, आजोबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. पाहिले अनिरुद्धकडे. आणि अनिरुद्धने मान खाली घातली. त्या मान खाली घालण्याने मला जे झाले ते कोणत्याही सुईने झाले नाही. मी सत्यवादी आहे असा दावा कधी केला नाही. परंतु एका केळ्यासाठी स्वतःच्या मुलासमोर खोटे बोलणारा वृद्ध मी खचित नव्हे. हे डॉक्टरांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. माझ्या मुलाला होते.

घरी आल्यावर शोध सुरू झाला. माझ्या पेटीत, गादीखाली, पोथ्यांच्या फडताळात. शेवटी अनिरुद्ध देवघरात शिरला. देवीपुढे नवरात्रातला नारळ होता, वाळून खडखडणारा.

"हे काय आहे, अण्णा?"

"देवीचा नारळ."

"हा इथे कशाला?"

"ती देवी आहे म्हणून."

त्याने तो उचलला आणि बाहेर नेला. मी जपमाळ हातात घेऊन बसलो होतो, पण किती मणी सरकले ते मला सांगता येणार नाही. आपल्या घरात आपल्यावर चोरीचा आळ येणे ही स्थिती मी शत्रूसही चिंतणार नाही. मात्र त्या क्षणी अनिरुद्धला ती चिंतिली होती, हेही लिहून ठेवतो.

सुलभा तर उघड बोले. तिचे माहेर महाडचे, जीभ धारेची.

"अण्णा, मला खोटं नको. खाल्लं तर खाल्लं म्हणा. दोनदा भाजी उकडून माझे हात सोलवटलेत आणि तुम्ही मागच्या दाराने काहीतरी तोंडात टाकता."

"मी काही टाकत नाही, सूनबाई."

"मग ते वाढतं कसं? हवेने?"

त्याच दुपारी धोंडूशेट दोन शहाळी घेऊन ओटीवर आले. त्यांचा स्वभाव मोकळा, पण वेळ अत्यंत वाईट. सुलभाने ती शहाळी पाहिली मात्र.

"कोणी मागवली ही? अण्णांनी?"

"नाय गो सूनबाय, मीच आनली. म्हातारं मानूस सुकून चाललाय, तेला जरा ताकद येल."

"ताकद नाही, मरण येईल त्यांना! घेऊन जा!"

"शहाल्यानं कोन मरतंय गो? आमचा बा शहालीच पिऊन नव्वदीत गेला!"

"गेला ना? मग झालं!"

धोंडूशेट माझ्याकडे पाहून म्हणाले, "गुरुजी, तुमच्या घरात तुमची किंमत नाय रायली," आणि शहाळी काखेत मारून चालू लागले. मला हसू आले, आणि हसताना जाणवले की पाटावरून उठावयास मांड्यांत बळच नाही.

ते अशक्तपण वाढत गेले. पूड चालू होती, गोळी चालू होती. पोटऱ्यांत पेटके येत. संध्येसाठी मांडी घातली की उठता येत नसे. छातीत मधूनच एक ठोका चुकल्यासारखा होई, जणू पायरी आहे समजून पाऊल टाकावे आणि पायरी नसावी. मी दूरध्वनीवर डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, "हेच ते. पोटॅशियम वाढल्याचीच ही लक्षणं. पूड वाढवा." मी वाढवली. पाय अधिकच गेले. पुढच्या वेळी बर्फातल्या रक्ताने डॉक्टरांच्या म्हणण्याला पुन्हा दुजोरा दिला.

मग दूरध्वनीवरच निर्णय ऐकवला गेला. वृद्ध पथ्य पाळत नाहीत, तेव्हा दुसरा मार्ग उरत नाही. मानेत नळी घालून रक्त यंत्राने शुद्ध करावयाचे. एकदा सुरू केले की आठवड्यातून दोन-तीनदा महाडला यावे लागेल, आणि ते बहुधा जन्मभर. अनिरुद्धने पाळ्या बदलून घेण्याची बोलणी सुरू केली. माझ्याशी कोणी काही बोलले नाही. माझ्या उरलेल्या आयुष्याची व्यवस्था माझ्या डोक्यावरून, ओटीवर उभे राहून, दूरध्वनीवर चालली होती.

पहारा

इथे सुलभाने एक गोष्ट केली. ती तिने माझ्यावरील प्रेमाने केली असे कोणी समजू नये. तिला मला पकडावयाचे होते.

"एकदाच शेवटचं रक्त देऊ," ती नवऱ्याला म्हणाली. "त्याआधी तीन दिवस मी यांच्यावरची नजर काढणार नाही. मग डॉक्टरांसमोर सांगते काय खातात ते."

तिने स्वयंपाकघराला कुलूप घातले. मागच्या दारालाही घातले. माझ्या खोलीच्या उंबऱ्यापाशी चटई टाकली. मी न्हाणीघरात गेलो तर ती दाराबाहेर. मी देवळात निघालो तर ती मागे. पुजाऱ्याने पुढे केलेला प्रसाद तिने माझ्या हातातून काढून स्वतःच्या तोंडात टाकला. तीर्थही बंद केले. एका सकाळी देवपूजा झाल्यावर मी रिकामा तळहात कपाळाला लावला आणि तिच्याकडे पाहिले. तिने नजर वळवली नाही.

"बघू नका तसं. मी काही कैदाशीण नाही."

"मी काही म्हटले नाही."

"तुमचं ते न म्हणणंच जास्त लागतं."

आमच्यात एवढे प्रामाणिक संभाषण त्यापूर्वी झाले नव्हते.

तीन दिवसांनी रमाकांत आला. रक्त घेतले, थर्मासात बर्फ भरला, पाया पडला, गेला. दुपारी जोराचा पाऊस लागला आणि महामार्गावर माती आली. तळीये गाव दरडीखाली गेल्यापासून आमच्या भागात डोंगराची माती हलली म्हटले की कोणी गाडी पुढे काढण्याचे धाडस करीत नाही. पोलादपूरहून निघालेली गाडी वाटेतच खोळंबली आणि रक्त उशिरा पोहोचले. आणि संध्याकाळी जो आकडा कळला तो पूर्वीच्या सर्वांपेक्षा मोठा होता. दूरध्वनीवर डॉक्टर ओरडत होते, ते मला खाटेवरून ऐकू येत होते. "आत्ताच्या आत्ता आणा! मशीन तयार ठेवतो!"

अनिरुद्धने विचारले, "काय खाल्लं यांनी?"

सुलभा दारात उभी होती. तिचा चेहरा कसासा झाला होता.

"काही नाही," ती म्हणाली.

"असं कसं?"

"काही नाही म्हणते ना मी! मी इथे बसले होते. पाणीसुद्धा माझ्या हातचं प्यायलेत. यांनी काही खाल्लेलं नाही." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "म्हणजे आधीही खाल्लं नव्हतं."

महाड

माती उपसून एका बाजूने वाट मोकळी झाली होती. रुग्णालयात पोहोचताच मला खाटेवर आडवे केले, मानेवरचा भाग पुसून हिरवे कापड पसरले. आलेख काढला. या वेळी तो निर्दोष नव्हता.

"पाहिलंत?" डॉक्टर अनिरुद्धला म्हणाले. "आता एक मिनिट घालवायचं नाही."

सुलभा खाटेच्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"आधी इथे रक्त घ्या."

"ताई, आजचंच रक्त आहे. आत्ताच रिपोर्ट आलाय."

"ते घरचं. मला इथलं हवंय."

"घरचं रक्त वेगळं आणि इथलं वेगळं असतं का?"

"तेच मला बघायचंय. दर वेळी घरचं वाईट आणि इथलं चांगलं. तुम्ही म्हणालात घरी खातात. नाही खाल्लं यांनी. मग घरात आणि इथे फरक कसला उरला? माणूस तोच आहे."

"सुलभा, डॉक्टरांना कळतं," अनिरुद्ध म्हणाला.

"तुम्ही मध्ये बोलू नका! तुम्ही पाळीवर होतात. पहाऱ्यावर मी होते."

"उशीर झाला तर जबाबदारी तुमची," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज थंड होता. या धमकीपुढे कोणताही कुटुंबीय नमतो. हे वाक्य त्याचसाठी केलेले असते.

मी हिरव्या कापडाखालून हात वर केला. "अनुमती माझी लागते ना? मी शुद्धीत आहे. सूनबाई म्हणतात तसे करा. रक्ताचा अहवाल येईपर्यंत मानेला हात लावू नका."

रक्त घेतले. रुग्णालयाचा माणूस ते घेऊन रस्ता ओलांडून प्रयोगशाळेत पळत गेला. आम्ही सर्व जण वाट पाहत राहिलो. माझ्या छातीतला ठोका चुकत होता आणि मी नाम घेत होतो, परंतु खरे सांगावयाचे तर त्या नामात शरणागती नव्हती, राग होता. मी देवाला जाब विचारीत होतो.

उत्तर आले. क्षार वाढलेला नव्हता. तो धोक्याइतका कमी झालेला होता. पूड आणि गोळी यांनी, उकडून निचरलेल्या भाज्यांनी, माझ्या देहातील उरलासुरला क्षारही काढून घेतला होता. त्यामुळेच पाय गेले होते. त्यामुळेच ठोका चुकत होता आणि आलेख बिघडला होता.

डॉक्टरांनी कागद पुन्हा वाचला. "मशीनवर घेतलं असतं तर..." एवढे म्हणून थांबले. पुढचे आम्हा सर्वांना कळले. यंत्राने तोच क्षार आणखी काढला असता.

"तुमच्याकडे रक्त कोण घेतं? कसं येतं ते?" त्यांनी विचारले. इतक्या आठवड्यांत प्रथमच विचारले.

"पहाटे घरी घेतात. थर्मासात, बर्फात ठेवून नेतात," सुलभा म्हणाली. "बर्फ मीच देते."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. मग थोडक्यात सांगितले. रक्त घेतल्यावर ते लवकर यंत्रात फिरवून पेशी आणि पाणी वेगळे करावे लागते. तसे न करता नुसते बर्फात ठेवले तर पेशी आपल्या पोटातला क्षार त्या पाण्यात सोडत राहतात, आणि जितका उशीर तितका आकडा मोठा होतो. तो माझ्या देहातला क्षार नव्हता. तो कुपीतला होता.

मग ज्या क्षारासाठी माझ्या देवघरातून नारळ गेला, तोच क्षार सलाइनमधून थेंबाथेंबाने माझ्या शिरेत सोडण्यात आला. डॉक्टर जाताना म्हणाले, "चला, वेळेवर लक्षात आलं. बरं झालं." क्षमा मागितली नाही. मीही ते सोपे करून दिले नाही.

पोलादपूर

घरी परतताना मी जीप केंद्रापाशी थांबवावयास सांगितली. पायांत थोडे बळ आले होते. रमाकांत धावत बाहेर आला.

"गुरुजी! बरे झालात! देवी पावली!"

"रमाकांत, इतरांचे रक्त तू कसे पाठवतोस?"

"ते मशीनमध्ये फिरवायचं, वरचं पाणी वेगळं काढायचं, निळ्या पेटीत घालायचं. नियमच आहे तो."

"आणि माझे?"

त्याचा चेहरा उजळला. त्याला वाटले मी कौतुक करावयास आलो आहे.

"तुमचं नाही हो, गुरुजी! तुमचं मी त्या मशीनला लागूच दिलं नाही. त्यात कोणाकोणाचं फिरतं. दारुड्यांचं, खाणाऱ्यांचं, सगळ्या जातीपातींचं. तुमचं रक्त त्यांच्या शेजारी फिरवायचं? म्हणून वेगळा थर्मास घेतला. दुसऱ्या कोणाची कुपी त्यात कधी ठेवली नाही. पहाटे सर्वांच्या आधी तुमच्याकडे यायचो, आणि गाडी येईपर्यंत तो थर्मास मी देवाच्या फोटोखाली ठेवायचो."

सुलभाने तोंडावर हात ठेवला.

"असे कर म्हणून तुला कोणी सांगितले?"

"सांगायला कशाला पाहिजे, गुरुजी? आपली समज."

मी आयुष्यात विद्यार्थ्यांवर फार ओरडलो नाही. त्या दिवशी ओरडलो. "माझ्या रक्ताला सोवळे नेसवणारा तू कोण? नियम पाळण्यासाठी तुला तिथे बसवले आहे. ज्यांना तू दारुडे म्हणतोस त्या सर्वांचे अहवाल बरोबर गेले, आणि ज्याच्या पाया पडलास त्याला मारत आणलेस!"

तो पायाशी वाकला. मी पाय मागे घेतला. असे मी यापूर्वी कोणाशी केले नव्हते, आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. माझ्या कोणत्या वागण्याने त्याची अशी समजूत झाली असेल याचा मी पुष्कळ विचार केला. सापडले नाही. काही समजुती कोणी शिकवाव्या लागत नाहीत, त्या हवेतच असतात. म्हणूनच त्यांच्यावर ओरडावे लागते.

केंद्राचे चालक आतून आले, हसत. "गुरुजी, गैरसमज नको. आमच्याकडे चूक होत नाही. उलट तुम्हाला आम्ही स्पेशल सर्व्हिस दिली."

"मग ती तुमच्या वडिलांना द्या," सुलभा म्हणाली, आणि मला हाताला धरून जीपकडे घेऊन आली.

पुढे

अनिरुद्ध मला अजून म्हणतो, "रिपोर्टमध्ये तसं होतं ना, अण्णा." त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु त्याने देवघरातून नारळ उचलला तेव्हा कोणता अहवाल वाचला होता, हे मी त्याला विचारणार आहे. अजून विचारलेले नाही. सुलभा आणि मी आता एकमेकांशी अधिक भांडतो आणि एकमेकांवर अधिक विश्वास ठेवतो.

जे दूरच्या गावांत राहतात आणि ज्यांचे रक्त गाडीने तालुक्याला जाते, त्यांना हात जोडून सांगतो. अहवाल आणि देह यांचा मेळ बसत नसेल तर औषधाचा पहिला घोट घेण्यापूर्वी प्रयोगशाळेत स्वतः जाऊन पुन्हा रक्त द्या. ते कोठे ठेवले, किती वेळ ठेवले, फिरवले की नाही, हे विचारा. विचारल्याबद्दल कोणी रागावले तर रागावू द्या. आणि कोणी तुमचे म्हणून काही निराळे करू लागला, तर त्याला अडवा.

गेल्या आठवड्यात तपासणीचा दिवस होता. चालक बदलले नाहीत, रमाकांतही तोच आहे, आणि पोलादपुरात दुसरे केंद्र नाही. मी तिथे जाऊन बाकावर बसलो. माझ्यापुढे डोंगरावरच्या वाडीतून उतरलेली एक बाई होती, पदरात भाकरीचे गाठोडे. मला पाहून ती उठू लागली.

"बाबा, तुमी जावा म्होरं. देवमानूस हाव. मी थांबते."

"नाही, बाई. नंबर तुमचा आहे."

"अवं, माजं काय, मला घाई नाय."

"मलाही नाही. बसा."

ती बसली. तिचे रक्त घेतले, मग माझे. रमाकांत माझ्याकडे पाहत नव्हता. त्याने दोन्ही कुप्या यंत्रात समोरासमोर लावल्या, कारण त्या यंत्राचा तोल दोन्ही बाजूंना सारखे वजन असल्यावाचून राहत नाही, आणि झाकण लावले. ते फिरू लागले. बाईने विचारले, "आतलं माजं कंचं नि तुमचं कंचं?" मी म्हटले, आता सांगता येणार नाही. ती हसली आणि भाकरीचे गाठोडे सोडू लागली.

हे वाचणाऱ्या आपणास आणि आपल्या घरातील थोरामोठ्यांस, लेकरांस, सुनांस आरोग्य लाभो. आपल्या शिरेतील रक्त जसे आहे तसेच कागदावर उतरो. आणि आपण "मी खाल्लेले नाही" असे म्हणालात तर ते खरे मानणारे एक तरी माणूस आपल्या उंबऱ्याच्या आत सदैव असो.